मिसळणाचा डबा

टाकानिनी, ऑकलंड
१६ जून २०२४

प्रिय मुग्धा,

अभिनंदन. पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, म्हणजे ताई अभिनंदन करायला विसरली असं तुला कुणाला सांगता यायला नको.

देवव्रतची मेल काल सगळ्यांना आली, ऑगस्टमध्ये टोंगाला जाणाऱ्या टीमची यादी. मी ती आधी वरून खाली वाचली, मग चष्मा पुसून खालून वर वाचली. सर्जन दोन, त्यातला एक देवव्रत स्वतः, भूल देणारी एक, नर्स दोन. त्यातली एक त्याची नेहमीची आणि दुसरी वेलिंग्टनची मुग्धा. माझं नाव सर्वांत शेवटी, 'सामानासाठी विशेष आभार' या ओळीत. सुरेश म्हणाला, "अगं, आभार तर मानलेत." तुझे भावोजी हे असे.

फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू लगेच "ताई, ऐक ना" सुरू करतेस. लिहिलं की निदान माझं वाक्य पुरं होतं. तूही लिहूनच उत्तर दे. व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवलास तर तो मी उत्तर म्हणून धरणार नाही.

सात वर्षं, मुग्धे. सात वर्षं माझ्या गॅरेजमध्ये गाडी उभी राहिलेली नाही, कारण तिथे देवव्रतची खोकी असतात. हॉस्पिटलं जे काढून टाकतात ते गोळा करायचं, कॅथेटर, टाके, गाऊन, तारखा बघायच्या, बाथरूममधल्या काट्यावर प्रत्येक खोकं तोलायचं, तेवीस किलोच्या वर एक मोजा जायला नको. त्या बेटावर लघवी अडलेले म्हातारे वर्षवर्ष पिशवी लावून देवव्रतची वाट बघतात. ते माझ्या खोक्यांवर बरे होतात आणि मी त्यांतल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. आधी अक्षतच्या परीक्षा होत्या, मग सुरेशचं बायपास, मग कोविड. मागच्या वर्षी देवव्रत स्वतः म्हणाला होता, "श्यामलाताई, पुढच्या वर्षी तुम्ही नक्की."

आणि पुढच्या वर्षी तू. पुण्यात पहिल्यांदा ऑपरेशनला उभी राहिलीस तेव्हा मीच तुझा हात धरून कात्री कशी द्यायची ते शिकवलं होतं. या देशात तुझे कागद मीच भरले. मामांना, तुझ्या बाबांना, शब्द दिला होता म्हणून. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते काही उगाच नाही.

माझ्या पोटात दुखतंय, हे मी स्पष्ट लिहिते. तू चांगली नर्स आहेस, तेही लिहिते. आता एवढंच सांग, तुझं नाव त्याला सुचवलं कुणी?

तुझी,
श्यामलाताई


वेलिंग्टन
२३ जून २०२४

ति. ताईस,

तुझी मेल मी ट्रेनमध्ये वाचायला घेतली आणि माझं स्टेशन गेलं. उलट्या गाडीने परत आले, ड्यूटीला वीस मिनिटं उशीर. हे तुझ्या खात्यावर.

ताई, मी कुणाकडे काही मागितलं नाही. मार्चमध्ये देवव्रत इथे एका वर्कशॉपला आला होता. मधल्या सुट्टीत कॉफी घेताना त्यानेच विचारलं, ऑगस्टमध्ये मोकळी आहेस का. मला वाटलं, तू जातेच आहेस, तर तुझ्याबरोबर आणखी एक हवी असेल. यादी आली तेव्हा मलाही धक्काच बसला. नको म्हणून कळवावं असंही मनात आलं होतं, पण घरी ऋतुराज म्हणाला, तू नाही म्हटल्याने ताईंचं नाव थोडंच लागणार आहे. आणि खरं सांगू, मला जायचंय. तू स्पष्ट लिहितेस तर मीही लिहिते.

तुला वाटतं मी आयत्यावर बसले. ताई, मी या देशात आले त्या दिवसापासून 'श्यामलाची कझिन' आहे. दहा वर्षांपूर्वी मुलाखतीला गेले तर तिथली बाई म्हणाली, ओह, श्यामलाची कझिन, मग काही विचारायलाच नको. मला सगळं विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

श्रियाला सांगितलं मी टोंगाला चाललेय, तर मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "स्वीट ॲज, मम." म्हणजे बरं, छान. माझ्या घरात माझी किंमत एवढी आहे.

गुडघा कसा आहे तुझा? एमआरआय केलास का? मी कुणाला बोलले नाहीये हं.

आणि एक. सुटे भाग ठेवलेला तुझा तो मिसळणाचा डबा कुठल्या खोक्यात असतो? देवव्रत म्हणाला, बाकी काही विसरलं तरी चालेल, श्यामलाताईंचा डबा तेवढा विसरायचा नाही.

तुझीच,
मुग्धा


टाकानिनी
४ ऑगस्ट २०२४

प्रिय मुग्धा,

खोकी शुक्रवारी गेली. चौदा. यादीत एकशे ब्याऐंशी ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीसमोर माझी खूण आहे. यादीत जे जे आहे ते ते खोक्यात आहे, याबद्दल कुणी माझ्याकडे बोट दाखवू शकणार नाही.

दरवर्षी उरलंसुरलं पडून असतं, या वर्षी गॅरेज पूर्ण रिकामं झालं. सुरेशने सात वर्षांत पहिल्यांदा गाडी आत लावली आणि लहान मुलासारखा दोनदा मागेपुढे करून बघितली.

दरवर्षी खोकी गेली की मला हलकं वाटतं. या वर्षी नाही वाटलं. शेजारची लोसा कुंपणावरून म्हणाली, "मालो, श्यामला, माझ्या लोकांसाठी तू किती करतेस." ती मूळची त्याच बेटावरची. दर वर्षी ती हे म्हणते आणि दर वर्षी मला बरं वाटतं. या वेळी मी तिला म्हटलं, आभार माझ्या बहिणीचे मान, ती चाललीय. लोसा म्हणाली, हो का, मग तिला आमच्या घरी जेवायला पाठव. बघ, तुझी तिथे जेवणाचीसुद्धा सोय झाली.

पोहायचे टॉग्ज घेतलेस ना? समुद्र फार सुंदर आहे म्हणे. देवव्रतच्या फोटोंत दर वर्षी बघते मी.

गुडघा उत्तम आहे. डेअरीपर्यंत रोज चालत जाते. एमआरआयची काही गरज नाही आणि तू पुन्हा तो विषय काढू नकोस. सिंकसमोर पाय घसरला तेव्हा तू माझ्या घरी होतीस म्हणून तुला कळलं, नाहीतर तेही कळलं नसतं. कामावर कुणाला ठाऊक नाही. थिएटरमधल्या बाईचा गुडघा दुखतो असं एकदा लोकांच्या डोक्यात बसलं की तिला स्टोअररूममध्ये बसवतात.

जपून जा. देवव्रतला डाव्या बाजूने हत्यार दिलेलं आवडत नाही, हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते.

श्यामलाताई


टोंगा
सोमवार, १२ ऑगस्ट २०२४

ति. ताईस,

पोचलो. इथे गेस्टहाउसच्या व्हरांड्यात एका खांबापाशीच नेट मिळतं, तिथे उभी राहून लिहितेय. फोन लागत नाही.

काल रविवार होता. रविवारी इथे काहीही चालत नाही, दुकानं बंद, विमानं बंद, आम्हालाही खोकी उघडू दिली नाहीत. सगळं बेट चर्चमध्ये. मग आम्हीही गेलो. ताई, काय गातात गं ही माणसं. दाराशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, टेविटा त्यांचं नाव, भरदार आवाज, पण उभे दाराबाहेर. आज ते ओपीडीत आले तेव्हा कळलं. चौदा महिने कॅथेटर आहे. पिशवी लुंगीसारख्या त्या वस्त्राच्या आत कमरेला चिमट्याने अडकवलेली. वास येईल म्हणून ते आत बसत नाहीत. चाळीस वर्षं तिथल्या गाणाऱ्यांत पहिल्या ओळीत होते म्हणे.

आज एकेचाळीस लोक तपासले. दुर्बिणीतून करायची ऑपरेशनं अठ्ठावीस निघाली. उद्यापासून सुरुवात, पहिलं नाव टेविटांचं.

ताई, डबा कुठल्या खोक्यात आहे? नऊ नंबरमध्ये असतो असं दुसरी नर्स म्हणते, टॉवेलात गुंडाळलेला. टॉवेल आहे, डबा नाही. आमची दुर्बीण एका कंपनीची आणि इथल्या दिव्याची केबल दुसऱ्या कंपनीची. दोन्ही जोडणारं ते पितळी बोंडूक तुझ्या डब्यातच असतं ना? त्याच्याशिवाय दुर्बिणीत उजेडच येत नाही. रबरी टोप्याही त्यातच.

लगेच कळव.

मुग्धा


टाकानिनी
मंगळवार, १३ ऑगस्ट २०२४

प्रिय मुग्धा,

नऊमध्ये नसेल तर अकरा बघ, गाऊनच्या घडीत. नीट बघ. तुला लहानपणापासून समोरची वस्तू दिसत नाही.

नाहीतर तिथल्या स्टोअरमध्ये विचार, जुना एखादा जोड पडलेला असेल.

आणि हे लक्षात घे की डबा यादीत नाही, कधीच नव्हता. तो माझा खाजगी आहे.

श्यामलाताई


टोंगा
बुधवार, १४ ऑगस्ट २०२४

ति. ताईस,

अकरा बघितलं. मग एक ते चौदा सगळी खोकी जमिनीवर रिकामी केली. स्टोअरमध्ये विचारलं, तिथल्या सिस्टरने बिचारीने कपाटाच्या मागेसुद्धा हात घातला. डबा नाही.

काल टेविटांना टेबलावर घेतलं होतं. कमरेखाली भूल दिलेली. देवव्रतने केबल चिकटपट्टीने दुर्बिणीला बांधून बघितली. उजेड यायचा आणि हात हलला की जायचा. शेवटी त्यांना तसंच बाहेर आणलं, त्याच पिशवीसकट. त्यांनी माझा हात थोपटला आणि म्हणाले, काही हरकत नाही, मला वाट बघायची सवय आहे. मला तोंड वर करवेना.

आज एकाची लघवी रक्ताने पूर्ण तुंबली, थांबणं शक्यच नव्हतं, म्हणून देवव्रतने पोट उघडून केलं. दुर्बिणीने पाऊण तासाचं काम. तीन तास लागले, रक्त खूप गेलं. त्यांचा जावई आणि इथली दोन माणसं रक्त द्यायला रांगेत उभी राहिली. आता बरे आहेत. बाकीची सगळी यादी थांबलीय.

आता ऐक. देवव्रत म्हणाला, डबा श्यामलाताईंकडेच राहिला असणार, घाईत होतं असं. तो म्हणाला, "त्यांनाच सांग घेऊन यायला. शुक्रवारचं विमान आहे, तिकीट टीम काढेल. शनिवारी इथे पोचतील, शेवटच्या दिवसापर्यंत राहू देत. इतकी वर्षं खोकी भरली, एकदा तरी बघू देत. गुडघ्याचं काही नाही, आपण स्टूल देऊ."

शनिवार चुकला तर मध्ये रविवार येतो, मग काहीच येत नाही.

तू येशील म्हणून मला आनंद झालाय. असं मी दोनदा लिहून खोडलं. खरं असं आहे की सगळे 'श्यामलाताई येणार' म्हणून एवढे सुटल्यासारखे हसले, की मी दोन दिवस खोकी उपसत होते ते कुणाला आठवलं नाही. तरी ये. टेविटांसाठी ये.

मुग्धा


टाकानिनी
गुरुवार, १५ ऑगस्ट २०२४

मुग्धा,

मी येत नाही. डबा येतोय.

लोसाचा भाचा नुकताच वारला, ती उद्याच्या विमानाने निघालीय. शनिवारी दुपारी ती तुमच्या बेटावर उतरेल. डबा तिच्या हातातल्या पिशवीत आहे, टॉवेलात गुंडाळून, वर दोन रबरबँड. विमानतळावर तू स्वतः जा. दुःखातली बाई आहे, तिला हॉस्पिटल शोधायला लावू नकोस.

देवव्रतला सांग, घाईत राहिला नव्हता.

मागच्या महिन्यात सगळी खोकी भरून झाली आणि नऊ नंबरचं तेवढं उघडं होतं. डबा हातात होता. आईने लग्नात दिलेला तो डबा, तुला माहितीये, पहिल्या वर्षी सुटे भाग ठेवायला काही मिळेना म्हणून मी मोहरी-जिरं काढून तोच घासूनपुसून दिला होता. मी नऊ नंबरमध्ये टॉवेल घातला, झाकण लावलं, पट्टी मारली. आणि डबा घरात नेऊन डाळींच्या बरण्यांमागे ठेवला.

मनाला सांगितलं, यादीत कुठे आहे तो.

मला काय हवं होतं ते लिहिते. पहिल्या दिवशी शोधाशोध व्हावी. तू डोकं खाजवत उभी राहावीस. देवव्रतने म्हणावं, श्यामलाताई असत्या तर. एवढंच ऐकायचं होतं गं मला. वाटलं, तिथे कुठेतरी जुना जोड सापडेल आणि काम सुरू होईल. नाही, तेही खरं नाही. वाटलं नव्हतं, वाटून घेतलं. सत्तावीस वर्षं थिएटरमध्ये काढलेल्या बाईला दुर्बिणीत उजेड कशाने येतो हे ठाऊक नसतं का?

आणि टोंगाहून तुझी पहिली मेल आली तेव्हाही मी बरण्यांपुढे उभी होते. डबा दिसत होता. तरी तुला लिहिलं, अकरा बघ. त्या दिवशी कुणाच्या हाती दिला असता तर त्या माणसाचं पोट फाडावं लागलं नसतं. आता दिवसभर मला तेवढं एकच दिसतंय. रक्त कुणाचं गेलं, नाव काय त्यांचं, ते मला कळव.

तर आता सांग, कुठल्या तोंडाने येऊ? सात वर्षं ज्या बोलावण्याची वाट बघितली ते आलं, तेही मीच केलेल्या पापाचं बक्षीस म्हणून. सुरेश म्हणतो, जा, कोणाला कळणार आहे. बॅगही त्याने माळ्यावरून काढली होती. मी परत वर ठेवायला लावली.

एक विचारायचं होतं. माझ्या गुडघ्याचं देवव्रतला कुणी सांगितलं? पण आज मला काही विचारायचा अधिकार नाही, म्हणून विचारत नाही.

डब्यात वाट्या सात. मधल्या वाटीत पितळी जोड, मोठे दोन, लहान एक. बाकीच्या पाच वाट्यांत टोप्या, वायसर, नळाच्या चाव्या, स्क्रू, कुंचले. सातवी रिकामी ठेवायची. ऑपरेशन चालू असताना जे काढून ठेवाल ते तिथेच टाकायचं, म्हणजे हरवत नाही.

श्यामला


टोंगा
गुरुवार, २२ ऑगस्ट २०२४

ति. ताईस,

आठवडाभर लिहिलं नाही. वेळ नव्हता हे खरं आहे आणि लिहायची इच्छा नव्हती हेही खरं आहे.

शनिवारी लोसाने डबा माझ्या हातात दिला. काळे कपडे, इथल्या सुतकाच्या रीतीने कमरेला चटई गुंडाळलेली, डोळे सुजलेले, आणि पिशवी छातीशी धरलेली. म्हणाली, श्यामलाने सांगितलंय, खाली ठेवायची नाही. ऑकलंडपासून मांडीवर घेऊन बसली होती. मला इतका राग आला होता तुझा, की तिच्यासमोर मी रडले. तिला वाटलं तिच्या भाच्यासाठी.

सोमवारपासून सकाळी सातला सुरू करतो. अठ्ठावीसमधली एकोणीस होतील उद्यापर्यंत. नऊ जणांना पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं, पिशवीसकट. ते मी सांगितलं, ताई, भाषांतर करणारी सिस्टर शेजारी होती, पण तोंड माझं होतं. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. पोट उघडलं त्यांचं नाव सेमिसी. आज व्हरांड्यात फेऱ्या मारत होते.

टेविटांचं पहिलंच केलं. काल कॅथेटर काढलं. बाथरूमच्या बाहेर त्यांची बायको, दोन मुली, मी, सगळ्या कान लावून उभ्या. धार लागल्याचा आवाज आला तशी ती बाई मटकन खाली बसली. जाताना त्यांनी कमरेचा तो चिमटा, पिशवी अडकवायचा, माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, हा आता कुणाला तरी दुसऱ्याला द्या.

ताई, देवव्रतला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुझं तू सांग. पण त्याआधी माझं ऐक. तू विचारत नाहीस म्हणालीस, तरी खाई त्याला खवखवे.

मी सांगितलं. मार्चमध्ये, त्या कॉफीच्या वेळी. देवव्रतने मला आधी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला होता, या वर्षी श्यामलाताई येणार, फार वर्षं राहिलंय. आणि मी म्हटलं, "अय्या, पण तिचा गुडघा." काळजीच्या सुरात म्हटलं. दहा-दहा तास उभं राहणं तिला झेपेल का, ती स्वतः कधी बोलणार नाही, तुम्हीच सांभाळून घ्या. इतकं गोड बोलले की मलाच खरं वाटलं. मग तो म्हणाला, मग कुणाला नेऊ? आणि मी कॉफी ढवळत बसले, तो माझं नाव घेईपर्यंत.

मला एकदा अशा ठिकाणी जायचं होतं, जिथे तू आधी गेलेली नाहीस.

तू डबा लपवलास तेव्हा निदान तुला रात्रंदिवस तो दिसत तरी होता. मी जे केलं ते मार्चपासून मला दिसतसुद्धा नव्हतं. 'कुणाला बोलले नाहीये हं' असं तुला लिहून मोकळी झाले.

मुग्धा


टाकानिनी
१ सप्टेंबर २०२४

मुग्धा,

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात इतकं भांडले की सुरेशने विचारलं, ओठ का हलताहेत. सगळं इथे लिहीत नाही. 'अय्या, पण तिचा गुडघा' हे मला तुझ्या आवाजात ऐकू येतं, डोळे मोठे करून म्हटलं असशील, मामीसारखे. तुझा राग आहेच. तो राहील काही दिवस, त्याला मी काही करू शकत नाही.

देवव्रत परवा खोकी परत ठेवायला आला. त्याच्याबरोबर ऋचा होती, त्याची असिस्टंट. तिला गाडीपाशी थांबवून मी त्याला गॅरेजमध्ये सांगितलं. उभ्यानेच. डाळींच्या बरण्यांसकट सगळं. त्याने हातातलं खोकं जमिनीवर ठेवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "नऊ माणसं, श्यामलाताई." मी म्हटलं, ठाऊक आहे. तो म्हणाला, यापुढे खोकी तुम्ही भरायची नाहीत. आणि डबा यादीत घेतो, एकशे त्र्याऐंशी नंबरची ओळ, दोघांची सही लागेल. येण्याबद्दल तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

तुझं नाव मी घेतलं नाही. हा माझा मोठेपणा समजू नकोस. तुझं काहीतरी माझ्या हातात असावं, म्हणून ठेवून घेतलंय.

खोक्यांबरोबर परत आलेला डबा उघडला. सातव्या वाटीत तो चिमटा होता. आधी कळेना काय आहे. मग कळलं.

श्यामला


वेलिंग्टन
५ सप्टेंबर २०२४

ति. ताईस,

चिमटा ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून घातलाय, नाक मुरडू नकोस.

काल देवव्रतला फोन केला आणि कॉफीचं सगळं सांगितलं. आता माझं काहीही तुझ्या हातात नाही.

तो म्हणाला, "तुम्हा दोघींना एकाच खोलीत कोंडलं पाहिजे." तर शिक्षा अशी. पुढच्या वर्षीची खोकी मी भरायची. तुझ्याच गॅरेजमध्ये, तुझ्यादेखत, सहा शनिवार विमानाने येऊन. तू नुसतं सांगायचं, हात लावायचा नाही. टोंगाला कोण जाणार ते तो जूनमध्ये ठरवेल, आणि कदाचित दोघींतली कुणीच नाही असंही म्हणाला. आधी त्या नऊ जणांची यादी भिंतीवर लावायची. टेविटा रविवारी पहिल्या ओळीत होते, लोसाच्या बहिणीने व्हिडिओ पाठवलाय, सोबत जोडते.

येऊ ना?

मुग्धा


टाकानिनी
८ सप्टेंबर २०२४

प्रिय मुग्धा,

व्हिडिओ बघितला. डावीकडून तिसरे तेच ना? तू चेहरा सांगितला नव्हतास, मी आवाजावरून ओळखलं.

ये. यादी लावलीय, नऊ नावं, मोठ्या अक्षरांत. सेमिसींचं नाव मी खाली वेगळं लिहिलंय. शनिवारचं पहिलं विमान घे, सुरेश घ्यायला येईल. त्याला गाडी पुन्हा बाहेर लावावी लागणार म्हणून तो नाराज आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. मंगळवारी एमआरआय केला. आतली गादी फाटलीय, डॉक्टर म्हणाला वर्षभर तरी झालं असणार. डेअरीपर्यंत चालत जाते असं तुला लिहिलं होतं ना, ते खोटं होतं. कोपऱ्यापर्यंत जाते आणि कुंपणाला धरून उभी राहते. देवव्रतला तू जे सांगितलंस ते खरंच होतं गं. दहा तास मी उभी राहू शकले नसते. सगळ्यांत जास्त राग मला त्याचाच आला होता.

गॅरेजमध्ये एकच खुर्ची आहे. ती मला लागेल. तू उभी राहून भर.

तुझी,
श्यामलाताई